आधी वही, मग शाल

ताई,

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. वडील इंदूरच्या शाळेत भूगोल शिकवायचे. चाळीस वर्षं, सुट्टी मिळाली की धार, बाग, कुक्षी, मनावरकडच्या नाल्यांतून जीवाश्म शोधत हिंडले. रामबागेतल्या घरी आज साडेचारशेच्या आसपास दगड, तीन वह्या आणि एक पत्र्याची ट्रंक आहे. दिवाळीनंतर त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलंय. त्याच दिवशी त्यांच्या या कामाचाही सन्मान व्हावा अशी घरच्यांची इच्छा आहे. मानपत्र, छोटीशी गौरवपुस्तिका, आणि येणाऱ्या प्रत्येकाला आठवण म्हणून संग्रहातला एकेक दगड. शिवाय एखाद्या जीवाश्माला बाबांचं नाव देता येतं का, एखादा पुरस्कार असतो का, हेही विचारलंत.

दगड वाटण्याचं आधी बोलते, कारण त्याला वेळ थोडा आहे. दगड वाटू नका. एकही नाही. पाहुणा प्रेमानेच घेऊन जाईल, पुण्याला किंवा नागपूरला शोकेसमध्ये ठेवेल, पुढे घर बदलताना तो कुंडीत जाईल. साडेचारशे दगड एकत्र आहेत तोवर ते चाळीस वर्षांचं काम आहे. वाटून टाकले की साडेचारशे घरांत साडेचारशे खडे उरतील. कायद्याचीही बाजू आहे. बागच्या परिसरातला काही भाग २०११ पासून डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान म्हणून संरक्षित आहे. बाबांनी दगड जमवले ते त्याच्या कितीतरी आधी असतील, पण कुठला दगड कुठून आणि कधी आणला हे कागदावर स्पष्ट असायलाच हवं. ते स्पष्ट करणारी वस्तू तुमच्या घरात आहे: त्या तीन वह्या.

मी पस्तीस वर्षं भूशास्त्र शिकवलं. हौशी लोकांचे संग्रह पाहायला माळव्यात आणि निमाडात कितीतरी घरी गेले. संग्रह दाखवताना माणूस सगळ्यात देखणा दगड पुढे करतो. मी हळूच विचारते, चिठ्ठी आहे का याची? एकदा एका निवृत्त गृहस्थांनी चुनखडीतला समुद्री अर्चिन, म्हणजे एका गोल काटेरी समुद्री प्राण्याचा जीवाश्म, माझ्या हातात ठेवला. लिंबाएवढा, एका बाजूने झिजलेला, वरची पाच पाकळ्यांची नक्षी अर्धीच दिसत होती. बाजारात त्याला कुणी विचारलं नसतं. पण त्याच्या पोटाशी दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी होती. गावाचं नाव, नाल्याचा डावा काठ, पुलापासून किती पावलं, 'गाठाळ चुनखडी, वरच्या पोवळ्याच्या थराच्या एक हात खाली', तारीख, आणि सोबत कोण होतं त्याचं नाव. ती चिठ्ठी वाचून मी त्या दगडाकडे पुन्हा पाहिलं.

एक हात खाली या तीन शब्दांचं मोल काय, ते सांगते. बागचे थर हे समुद्राचे थर. साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक हात आजच्या नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. सगळ्यात खाली निमाडचा वालुकाश्म, त्यावर गाठाळ चुनखडी, त्यावर ती 'पोवळ्याची' चुनखडी. (हे नाव जुनं आणि चुकीचं आहे. तिच्यात पोवळी नाहीत, ब्रायोझोआ नावाच्या वसाहत करून राहणाऱ्या बारीक जीवांचे सांगाडे आहेत. पण नाव रुळलं ते रुळलं.) समुद्र गेल्यावर लामेटा नावाचे थर साचले. डायनासोरची अंडी मिळतात ती त्यांत. आणि त्या सगळ्यावर लाव्हाची जाड गोधडी, जिच्यावर आज आपलं इंदूर वसलंय. नर्मदेच्या बाजूला नद्या-नाल्यांनी ही गोधडी कापली, म्हणून खालचं उघडं पडलं. बागला समुद्र होता हे निदान १८६५ पासून छापील आहे. त्या साली डंकन नावाच्या अभ्यासकांनी बागच्या अर्चिनांवर निबंध लिहिला, आणि त्यांच्यापुढचे नमुने जमवणाऱ्यांत कीटिंग नावाचा एक लष्करी अधिकारी होता, म्हणजे हौशीच. तेव्हा नुसता अर्चिन हातात असून नवं काही कळत नाही. तो कुठल्या थरात, कुठल्या शिंपल्यांच्या शेजारी, थराच्या वरच्या अंगाला की खालच्या, हे कळलं तर समुद्र खोल होत होता की आटत होता ते सांगता येतं. बाबांनी हे लिहून ठेवलं असेल तर त्यांनी शास्त्राला दगडाबरोबर एक निरीक्षण दिलंय. त्या निरीक्षणाचा सन्मान व्हायला हवा.

मी हे इतकं अडून का सांगते, त्याला कारण आहे. एका महाविद्यालयात एका जुन्या शिक्षकाने जमवलेला सुंदर संग्रह होता. उन्हाळ्यात रंगकाम निघालं. ट्रे व्हरांड्यात काढले, दगड धुतले, चिठ्ठ्या 'जुने कागद' म्हणून रद्दीत गेल्या. दगड चकचकीत होऊन कपाटात परत आले. आज त्यांतला एकही दगड कुठल्या निबंधात वापरता येत नाही. त्या शिक्षकाच्या नावाची पाटी मात्र कपाटावर आहे.

दुसरी गोष्ट माझ्याच हातून झालेली. मी नवी व्याख्याती असताना कुक्षीकडच्या एका शाळामास्तरांनी मला शार्कचे दात दाखवले, जागा दाखवली, दोन दिवस उन्हात माझ्याबरोबर चालले. माझ्या लेखात मी लिहिलं, 'स्थानिक संग्राहकाच्या सहकार्याने'. नाव लिहिलं नाही. तेव्हा तसंच लिहायची रीत होती, पण रीत होती म्हणून ते बरोबर होत नाही. ते गेल्यानंतर त्यांच्या मुलाने तो अंक माझ्यासमोर धरून विचारलं, यात दादांचं नाव कुठे आहे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी नावाचंच बोलते.

आता नाव देण्याचं. होय, जातीला माणसाचं नाव देता येतं, आणि हौशी माणसांना हा मान पुष्कळदा मिळालाय. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. तिच्याप्रमाणे पुरुषाच्या आडनावाला शेवटी 'इ' लागतो, बाईच्या नावाला 'एइ', अनेक जण असतील तर 'ओरम'. जागेवरून नाव द्यायचं तर बहुधा 'एन्सिस'. आपल्या राजासॉरस नर्मदेन्सिस या डायनासोरचं २००३ साली असंच बारसं झालं. पण नाव देणारा वेगळाच असतो. कुणा अभ्यासकाने तो जीवाश्म तपासून, जगभरच्या सारख्या जीवाश्मांशी ताडून, ही जात आजवर कुणी वर्णिलेली नाही असं सिद्ध करायचं, चित्रांसह शोधनिबंध छापायचा, आणि ज्या नमुन्यावर नाव बांधलं तो नमुना सार्वजनिक संग्रहालयात क्रमांकासह ठेवायचा. घरच्या ट्रंकेतल्या नमुन्यावर नाव बांधलेलं आज कुठलंही चांगलं नियतकालिक स्वीकारत नाही. म्हणून सहस्रचंद्रदर्शनाच्या तारखेला हे होणार नाही, आणि कुणी पैसे घेऊन करून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. साडेचारशेंत एखादी नवी जात असेलही, नसेलही. आशा ठेवा, त्यावर सन्मान टांगून ठेवू नका.

नावांचा इतिहास आपल्या बागमध्येच पाहा. त्या काळी बाग ग्वाल्हेर संस्थानात होतं. १९०७ च्या सुमारास व्रेडेनबर्ग या भूशास्त्रज्ञांनी इथल्या अमोनाइटांचं वर्णन केलं. देवघरातला शाळिग्राम असतो ना, त्याच कुळातले हे गुंडाळलेले शंख. त्यांनी एका जातीला 'मिंटोई' म्हटलं, तेव्हा मिंटो व्हाइसरॉय होते. दुसरीला शिंद्यांचं नाव दिलं. तिसरीला 'बोसाइ'. त्याच्या वीसेक वर्षं आधी, १८८४ साली, प्रमथनाथ बोस यांनी नर्मदेच्या खालच्या खोऱ्याचं भूशास्त्र लिहिलं होतं. पुढे काय झालं? 'मिंटोई' ही वेगळी जात नाहीच, दक्षिण आफ्रिकेतून आधीच वर्णिलेल्या जातीतलीच ती, असं नंतरच्या अभ्यासकांनी मांडलं. व्हाइसरॉयचं नावसुद्धा समानार्थी नावांच्या यादीत जाऊन बसतं. बोस मात्र अजून वाचले जातात, कारण कुठल्या गावाजवळ कुठला थर उघडा आहे हे त्यांनी पायी हिंडून लिहिलंय आणि ते आजही जाऊन पडताळता येतं.

नागपूरकरांना हिस्लॉप म्हटलं की कॉलेज आठवतं. स्टीफन हिस्लॉप धर्मोपदेशक होते, भूशास्त्र हा त्यांचा फावल्या वेळचा छंद. नागपूरजवळच्या टाकळीचे शंख, मांगलीचं उभयचराचं डोकं, वनस्पतींचे ठसे, असं काय काय त्यांनी आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी जमवलं, आणि १८५५ साली त्यावर निबंध लिहिला. मांगलीच्या त्या डोक्याचं वर्णन ओवेनसारख्या नामांकित शास्त्रज्ञाने केलं. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परतताना नाल्याच्या पुरात हिस्लॉप वाहून गेले. त्यांच्या नावाचं एक खनिज आहे, गोड्या पाण्यातल्या ब्रायोझोआची एक प्रजाती आहे, कॉलेज आहे. हे सगळं उभं राहिलं कारण त्यांनी जमवलेलं त्यांनी वेळच्या वेळी लिहिलं, आणि जाणकारांकडे पाठवलं.

आजचं उदाहरण तर आपल्या दाराशी आहे. २०२३ च्या जानेवारीत नर्मदेच्या खालच्या खोऱ्यातल्या, म्हणजे धार जिल्ह्यातल्या, टायटॅनोसॉर डायनासोरांच्या ९२ घरट्यांवर आणि २५६ अंड्यांवर शोधनिबंध आला. दिल्ली विद्यापीठाचं काम. पण लेखकांच्या यादीत दुसरं नाव विशाल वर्मा यांचं आहे, आणि ते शाळेत शिकवणारे. 'स्थानिक संग्राहक' म्हणून तळटीपेत नाही, सहलेखक म्हणून. हौशी माणसाचा याहून मोठा मान मला माहीत नाही. मंडला जिल्ह्यात सांख्यिकी अधिकारी असलेल्या धर्मेंद्र प्रसाद यांचंही नाव घेते. १९७० च्या दशकात त्यांनी घुघवाच्या दगड झालेल्या झाडांकडे लक्ष वेधलं, आणि १९८३ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. काम जागच्या जागी सुरक्षित झालं, हाही सन्मानच.

तेव्हा दिवाळीपर्यंत तुम्ही काय करायचं, ते सांगते.

बाबा अजून बोलताहेत, त्यांना आठवतंय, हे तुमचं मोठं भाग्य. रोज सकाळी, त्यांचं डोकं ताजं असताना, तासभर एक ट्रे घेऊन बसा. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. 'हे काय आहे?' असं विचारू नका, ते पुढे कुणीही जाणकार सांगेल. विचारा, 'त्या दिवशी गंगवाल स्टँडवरून कितीची बस धरली होती? कुक्षीला उतरलात की आधीच? सोबत कोण? डबा कुठे खाल्ला?' म्हाताऱ्या माणसाला थर आठवत नाही, पण डबा कुठल्या झाडाखाली सोडला ते आठवतं, आणि झाड आठवलं की नाला आठवतो. माझ्या अनुभवात हे नेहमी खरं ठरलंय. आठवत नसेल तिथे आग्रह धरू नका. 'जागा माहीत नाही' अशी प्रामाणिक नोंद चुकीच्या जागेपेक्षा कितीतरी चांगली. बाबांना बरं वाटावं म्हणून रिकाम्या चिठ्ठीवर अंदाजाने गाव लिहिलंत, तर बाकीच्या चारशे चिठ्ठ्यांवरचा विश्वासही उडतो.

ट्रंक उघडाल तेव्हा एकही वस्तू जागेवरून हलवायच्या आधी वरून फोटो घ्या. कुठला दगड कशाच्या शेजारी होता, तेही पुष्कळदा सांगून जातं. दगड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले असतील. 'नई दुनिया'ची पानं असतील बहुतेक, आपल्याकडे तीच असायची. ती फेकू नका. पानावरची तारीख पाहा. दगड त्या तारखेच्या आधी गुंडाळलेला असणं शक्य नाही, आणि वहीत तारीख सुटली असेल तर हा एक धागा हाती लागतो. मी एका संग्रहात सतरा दगडांच्या सहली अशा जुळवल्यात.

दगड धुवायचे नाहीत. पाण्याने नाही, व्हिनेगरने तर मुळीच नाही, कारण चुनखडी आम्लात विरघळते आणि तिच्याबरोबर तुमचा अर्चिनही. मऊ ब्रशने धूळ झटका, पुरे. तुटलेला तुकडा फेव्हिकॉलने चिकटवू नका, दोन्ही भाग एका पिशवीत ठेवा. अंड्याच्या कवचाचे तुकडे असतील तर कापसात थेट ठेवू नका, त्याचे तंतू अडकतात, आधी मऊ कागद. प्रत्येक दगडाला एक क्रमांक द्या. दगडाच्या दुय्यम बाजूला, नक्षीवर नाही, संग्रहालयात वापरतात त्या अॅक्रिलिक रेझिनचा छोटा ठिपका, वाळल्यावर त्यावर बारीक निबने काळ्या शाईत क्रमांक, आणि वरून पुन्हा एक ठिपका. रेझिन मिळालं नाही तर क्रमांक दगडावर लिहूच नका, पिशवीत चिठ्ठी घाला. बाबांचा जुना क्रमांक असेल तर तो पुसू नका, नवा त्याच्या शेजारी. मग वहीचं प्रत्येक पान स्कॅन करा, कोरी पानंसुद्धा, कव्हरच्या आतली बाजूसुद्धा. मास्तर लोक तिथेच बसचे पैसे आणि नाल्यांचे नकाशे काढतात.

वहीत आणखी काही नावं सापडतील. गुरं राखणारी पोरं, एखादा पाटील, चहावाला. पहिला दात, पहिलं अंडं बहुतेक वेळा त्यांच्याच नजरेला पडलेलं असतं. २०२३ च्या डिसेंबरात बातमी आली होती, धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात काकड भैरव म्हणून शेताच्या राखणीसाठी पूजले जाणारे गोल दगड ही डायनासोरची अंडी निघाली. शास्त्रज्ञांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या त्या लोकांनी ती ओळखून वेगळी काढली होती आणि जपली होती. बाबांचा सन्मान करताना त्या मुलांची नावंही यादीत लिहा. बाबांनी स्वतः ती लिहून ठेवली असतील तर ती गाळण्याचा आपल्याला हक्क नाही.

यादी झाली की संग्रह कुठे द्यायचा ते ठरवा. शाळेला देऊ नका, कितीही प्रेम असलं तरी. मुख्याध्यापक बदलले की कपाट हलतं. जवळचं म्हटलं तर होळकर सायन्स कॉलेज आणि उज्जैनच्या विद्यापीठाचा भूविज्ञान विभाग, दूरचं पण पक्कं म्हटलं तर लखनौची बिरबल साहनी संस्था. कुणालाही देण्याआधी लेखी विचारा: नोंदवहीत प्रत्येक दगडाला तुमचा क्रमांक पडेल का? 'संग्राहक' या रकान्यात बाबांचं पूर्ण नाव येईल का? संग्रह फोडला जाणार नाही ना? बाहेरच्या अभ्यासकाला पाहायला मिळेल ना? वह्या दगडांबरोबरच राहतील ना? पाचही उत्तरं कागदावर मिळाली तर द्या. 'संग्राहक' हा रकाना बारीक दिसतो, पण पुढच्या प्रत्येक निबंधात बाबांचं नाव यायची वाट तिथूनच जाते.

गावाची नावं गौरवपुस्तिकेत येऊ द्या, नाल्याची नेमकी जागा येऊ देऊ नका. अंडी खणून विकणारे वाचत असतात. नेमकी जागा संस्थेच्या नोंदीत राहील.

पुरस्कारांचं म्हणाल तर अमेरिकेच्या पॅलिऑन्टॉलॉजिकल (म्हणजे जीवाश्मशास्त्राच्या) सोसायटीचा स्ट्रिम्पल पुरस्कार खास हौशींसाठी आहे, आणि ब्रिटनच्या पॅलिऑन्टॉलॉजिकल असोसिएशनचा मेरी अॅनिंगच्या नावाचा. मेरी अॅनिंगने इंग्लंडमधल्या लाइम रेजिसच्या कड्यांतून प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांचे सांगाडे काढले, पण शोधनिबंधांत नाव येत राहिलं ते विकत घेणाऱ्यांचं. ती १८४७ मध्ये गेली, आणि लाइम रेजिसला तिचा पुतळा उभा राहिला तो २०२२ साली. अशा पुरस्कारांसाठी शिफारस जाणकाराला करावी लागते, आणि सोबत पुरावा लागतो: दिलेले नमुने, त्यांवर झालेले निबंध. म्हणजे पुन्हा नोंदच. न्यूझीलंडच्या जोन विफेन यांची गोष्ट बाबांना जरूर सांगा. नवऱ्याने भूशास्त्राच्या रात्रवर्गात नाव घातलं, तो आजारी पडला, म्हणून त्याच्या जागी या जाऊन बसल्या. पुढे जुन्या नकाशावरच्या एका ओळीचा माग काढत डोंगरातल्या ओढ्यापर्यंत पोचल्या, आणि त्या देशातला पहिला डायनासोर त्यांना मिळाला. विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली.

सोहळ्याच्या दिवशी शाल, श्रीफळ, औक्षण सगळं करा. पाहुण्यांना द्यायचंच असेल तर वहीच्या एका पानाची छापील प्रत द्या, बाबांच्या अक्षरातली. व्यासपीठावर मानपत्राआधी यादीची एक प्रत बाबांच्या हातात द्या, क्रमांक एक ते शेवटपर्यंत, आणि संस्थेचं स्वीकृतिपत्र तोवर आलं असेल तर तेही. भाषण करणाऱ्याला सांगून ठेवा, 'अनमोल ठेवा', 'निसर्गप्रेमी' वगैरे न म्हणता एकच दगड हातात घेऊन त्याची चिठ्ठी वाचून दाखवायची. गाव, नाला, थर, तारीख, सोबत कोण.

पहिल्या ट्रेचे फोटो आणि वहीची पहिली दहा पानं मला पाठवा. कुठले दगड आधी जाणकारांना दाखवायचे ते मी खुणा करून कळवते. आणि बाबांना विचारा, पहिला दगड कुठला, आणि तो उचलायला त्यांना वाकायला कुणी सांगितलं. ते उत्तर आजच रेकॉर्ड करून ठेवा.